फोटोतला पांढरा डोळा

भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो धुऊन आले, तेव्हा आम्ही सगळ्या केक आणि साड्यांवर बोलत होतो. धाकटी नणंद मात्र एकच फोटो पुन्हा पुन्हा बघत होती. "वहिनी, हिचा एक डोळा लाल आणि एक पांढरा का गं दिसतोय?"

"फ्लॅश पडला असेल," मी म्हटलं. त्या उत्तराची आजही लाज वाटते.

घरचे डॉक्टरही "काही नाही" म्हणाले. पण आईचं मन ते! ती थेट नेत्रतज्ज्ञांकडे गेली. निदान झालं, रेटिनोब्लास्टोमा. म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर.

तेव्हा 'आरबी-१' या जनुकाची ओळख झाली. ते तेराव्या गुणसूत्रावर असतं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशींच्या वाढीला वेसण घालतं. पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या प्रथिनांना ते धरून ठेवतं, वेळ आली की सोडतं. या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते; दोन्ही गेल्या की वेसण सुटते. अमेरिकेतल्या डॉ. आल्फ्रेड नडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून १९७१ साली हा 'दोन घावां'चा विचार मांडला. प्रत्यक्ष जनुक हाती आलं १९८६ मध्ये.

इकडे घरात वेगळंच सुरू होतं. "आमच्या घराण्यात असलं काही नाही हो," असं सासरकडून नणंदेला ऐकवलं गेलं. खरं तर हा दोष उपजत असलाच, तर तो आईकडून येऊ शकतो तसा वडिलांकडूनही. आणि कित्येकदा दोघांतही नसतो, बाळातच पहिल्यांदा उद्भवतो. भाचीच्या रक्तात तर तो सापडलाच नाही. दोन्ही घाव त्या एका डोळ्यातल्या पेशीतच बसले होते. तपासणीचा कागद आला आणि बोलणी थांबली. पण तोवर ती किती रडली, ते मी पाहिलंय.

डोळा काढावा लागला, जीव वाचला. आज भाची कॉलेजात जाते. कृत्रिम डोळा सांगितल्याशिवाय कळतही नाही.

मैत्रिणींनो, बाळाच्या फोटोत बुबुळात पांढरी चमक दिसली किंवा डोळा तिरळा वाटला, तर "मोठं झालं की जाईल" म्हणू नका. ती चमक दर वेळी कॅन्सरचीच असते असं नाही. कधी मोतीबिंदू असतो, कधी नुसता प्रकाशाचा खेळ. पण नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यात थेंब घालून पडदा तपासून घ्याच. वेळेत कळलं तर बहुतेक मुलं वाचतात, कित्येकांचा डोळाही वाचतो.

आणि कुणी आई काळजीनं काही विचारत असेल, तर माझ्यासारखं "फ्लॅश असेल" म्हणून तिला गप्प करू नका.