शंखचूड मागे धावला

ठाण्याच्या शिलाहार राजांचे ताम्रपट दानाचे आहेत. कुणाला काय दिलं, हे त्यांत येतंच. पण त्याआधी राजा आपलं कूळ सांगतो, आणि तिथेच मी दर वेळी थबकतो. बाकीची बरीच घराणी सूर्याकडे, चंद्राकडे, नाहीतर यदूकडे बोट दाखवतात. या घराण्यानं मूळपुरुष मानला तो जीमूतवाहन. हा विद्याधरांचा राजपुत्र, निव्वळ गोष्टीतला, परक्या मुलाच्या बदली गरुडापुढे जाऊन पडलेला. याच घराण्यातल्या अनंतदेवाच्या शके १०१६ च्या, म्हणजे इ. स. १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात ठाणे आणि चौलबरोबर शूर्पारक बंदराचं नाव येतं. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारं. वसई-विरारचा इतिहास म्हटला की आपण थेट १७३९ आणि चिमाजी अप्पांवर जातो. त्याच्या कितीतरी शतकं आधी इथे राज्य करणाऱ्यांना आपलं रक्त एका कल्पित त्यागवीराचं आहे, असं तांब्यावर कोरून ठेवावंसं वाटलं. त्या वंशश्लोकात, ज्याला वाचवलं त्या शंखचूडाचंही नाव आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाचलेल्याचं नाव घेण्याची ही गोष्ट साधी नाही. नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया इतिहासातले आहेत. खऱ्या माणसाच्या मरणाचा हिशेब कुणी मांडू नये. कल्पित नायकाला मात्र लेखक मरायला पाठवतो, त्यामुळे लेखकाला जाब विचारता येतो. नायक कसा मेला हे सगळेच रंगवून सांगतात. जो वाचला त्याचं काय केलंस, हे विचारावं.

श्रीहर्षानं सातव्या शतकात ‘नागानंद’ लिहिलं. त्यात नागांचा राजा वासुकी गरुडाशी करार करतो. गरुडानं सरसकट संहार करू नये, रोज एक नाग आपण होऊन समुद्रकाठच्या वधशिळेवर येईल. हाडांचे डोंगर साचलेले असतात. त्या दिवशी पाळी शंखचूडाची. म्हाताऱ्या आईचा तो एकुलता एक. अंगावर घालायला लाल वस्त्रं दिलेली, कारण गरुडानं त्याच खुणेवरून भक्ष्य ओळखायचं. जीमूतवाहन म्हणतो, ती वस्त्रं मला दे. शंखचूड साफ नकार देतो. त्याहून मोठं म्हणजे त्याची आई नकार देते: तूही मला मुलासारखाच. आपलं पोर वाचत असताना दुसऱ्याचं पोर नाकारणारी ही आई मला नायकाच्या तोडीची वाटते.

मग मायलेक गोकर्णाच्या देवाला नमस्कार करायला जातात. तेवढ्यात जीमूतवाहनाच्या नव्या सासरहून लग्नाची लाल वस्त्रं येतात. तीच पांघरून तो शिळेवर चढतो. म्हणजे वाचवायचं ते शंखचूडाची नजर चुकवून.

ही नजर चुकवणं पुढे जगभर दिसतं. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये (१८५९) सिडनी कार्टन डार्नेला औषधानं बेशुद्ध करून तुरुंगाबाहेर धाडतो आणि त्याच्या जागी गिलोटिनखाली जातो. डार्नेला नकार द्यायला शुद्धच नसते. ‘शोले’तला (१९७५) जय नाणं उडवतो, वीरू कौल मानून बसंतीला घेऊन निघतो. जय गेल्यावर ते नाणं वीरूच्या हातात येतं, तर त्याच्या दोन्ही बाजू सारख्या. मला त्या मरणापेक्षा वीरूनं नाणं उलटून पाहण्याचा क्षण जास्त लागतो. मित्रानं आपल्याला विचारलं नाही, हे त्याला आयुष्यभर पुरणार आहे.

कार्टन आणि जय यांच्या कथाकारांनी हे दुःख तिथेच सोडलं. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मात्र वेताळानं ते पकडलं. हीच गोष्ट राजा त्रिविक्रमसेनाला सांगून तो विचारतो, दोघांत थोर कोण? आपण सगळे जीमूतवाहनाचं नाव घेऊ. राजा म्हणतो, शंखचूड. जीमूतवाहनाला देहदानाची सवय जन्मोजन्मीची. शंखचूडाच्या हाती जीव आयता परत आलेला होता, तरी तो रक्ताचा माग काढत गरुडामागे धावला, तुझा घास मी आहे असं ओरडत. निवाडा मला शंभर टक्के पटतो.

याच्या अगदी उलट युरिपिडीसचा अ‍ॅड्मिटस. त्याच्या ‘अल्सेस्टिस’ नाटकात (इ. स. पू. ४३८) राजाला बदली माणूस मिळाला तर मरण टळणार असतं. तो म्हाताऱ्या आईबापांनाही विचारून पाहतो, ते नाही म्हणतात, बायको हो म्हणते. तो तिला जाऊ देतो, वर तिच्या प्रेताशेजारी बापाशी भांडतो. पराक्रमी हेराक्लीस तिला मृत्यूकडून हिसकावून आणतो खरा, पण तिला जाऊ दिल्याचा डाग राजावरून पुसला जात नाही.

बाईच्या वाट्याला हे मरण निराळ्या वाटेनं येतं. सीमेपलीकडच्या कन्नड ‘केरेगे हार’ या लोकगीतात तळ्याला पाणी लागावं म्हणून सासरच्यांची नजर धाकट्या सुनेवर, भागीरथीवर जाते. कुणी तिला विचारत नाही, ती मात्र सगळं ओळखून जाते. लष्करातला नवरा परत येतो आणि त्याच तळ्यात उडी घेतो. तिला त्याग करणारी म्हणून गौरवणं मला जड जातं. ठरवलं दुसऱ्यांनी, तिनं फक्त रडारड केली नाही.

महाभारतातल्या एकचक्रा नगरीत मात्र घरातले सगळे बोलतात. बकासुराची पाळी आलेल्या ब्राह्मणाच्या घरी नवरा, बायको, मुलगी, जो तो मी जातो, मी जाते म्हणतो. बोबडं पोर गवताची काडी उचलून राक्षसाला यानंच मारतो म्हणतं, आणि रडणाऱ्या घरात हसू फुटतं. त्याच घरात उतरलेली कुंती भीमाला पाठवायला निघते तेव्हाही ब्राह्मण आधी नकोच म्हणतो. पाहुण्याचा जीव घेऊन जगायचं त्याला मान्य नसतं.

या गोष्टींत एक शब्द सारखा येतो: पाळी. कुणीतरी आधी ती लावून दिलेली असते. ‘नागानंदा’तला जीमूतवाहनही वासुकीवर चिडतो: एवढ्या जिभांपैकी एकीलाही आधी मला खा म्हणवलं नाही? नायक मेला आणि पाळी तशीच राहिली, तर उद्या दुसरा शंखचूड लाल वस्त्रं नेसणारच. श्रीहर्षाला हे कळलं होतं. त्याचा गरुड पस्तावतो, अमृतानं हाडांतले नाग उठवतो आणि पुढे हिंसा न करण्याचं वचन देतो.

शिलाहारांच्या त्याच सोपाऱ्यात, म्हणजे नालासोपाऱ्यात, बुरुड राजाच्या कोटाचा ढिगारा पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला, तेव्हा आत बौद्ध स्तूप आणि दगडी पेटीत ठेवलेले करंडक सापडले. अशा जागी जातककथा सांगितल्या गेल्या असणारच, आणि निग्रोधमृगाच्या कथेत या पाळीचा शेवटपर्यंत पाठपुरावा आहे. वाराणसीच्या राजाच्या मुदपाकखान्यासाठी दोन कळपांतून आळीपाळीनं एक हरीण जाई. गाभण हरिणीवर पाळी आली. तिच्या कळपाच्या राजानं तिला परत धाडलं, तर दुसऱ्या कळपाचा राजा निग्रोध तिच्याऐवजी ठोकळ्यावर मान ठेवून पडला. वाराणसीच्या राजानं दोघांनाही अभय दिलं. निग्रोध तेवढ्यावर उठला नाही. बाकीच्या हरणांचं काय, त्यानं विचारलं. मग इतर चौपायांचं? पक्ष्यांचं? पाण्यातल्या माशांचं? एकेक अभय पदरात पाडून घेतल्यावरच तो उठला.

पुढे मोकळी झालेली हरणं लोकांची शेतं खाऊ लागली. राजा म्हणाला, राज्य गेलं तरी वचन मोडणार नाही. ते ऐकून निग्रोधानं कळपाला बोलावून पिकाला तोंड लावू नका म्हणून बजावलं, आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला: कुंपण घालू नका, शेताच्या कडेनं खुणेपुरती पानं बांधून ठेवा.