वीस मिनिटांचा मारवा

सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय मराठी घरात रेकॉर्डप्लेअर येणं ही मोठी गोष्ट होती. एचएमव्हीचा फिएस्टा आला की संध्याकाळी शेजारीपाजारी आपसूक जमायचे. आमच्या पिढीचा कान त्या बैठकांत तयार झाला आणि तो तयार केला लाँग प्लेने, असं मी आज खात्रीने म्हणतो.

त्याआधी ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या होत्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्या जागेत अब्दुल करीम खाँसाहेब आणि केसरबाई केरकर यांनी राग उभे केले. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा भीमसेन जोशी नावाचा मुलगा गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. पण विलंबित ख्याल त्या तबकडीत मावत नव्हता.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली विनाइलची लाँग प्ले आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे, बारीक खाचा आणि एका बाजूला वीसेक मिनिटं. ती आपल्याकडे रुळली आणि ख्यालाला घरात ऐसपैस जागा मिळाली. भावगीतगायक म्हणून नाव मिळवलेले जी. एन. जोशी एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहत. थोर कलावंतांना माइकसमोर आणण्यातलं त्यांचं ऋण मोठं आहे.

अमीर खाँसाहेबांची एलपी आठवते. एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. रेकॉर्ड कडेने धरून कव्हरातून काढायची, मऊ फडक्याने पुसायची आणि सुई अलगद पहिल्या खाचेवर ठेवायची. थोडी खरखर, मग तंबोरे. झुमरा तालाच्या संथ लयीत खाँसाहेब षड्जाला बगल देत कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळायचे. ती हुरहुर सोसत बसलं की मग कुठे षड्ज लागायचा आणि सगळी खोली एकदम सैल व्हायची. मधेच सुई उचलायला कुणी धजावत नसे, कारण ओरखडा पडला तर कायमचा. त्यामुळे आवडो न आवडो, बाजू पूर्ण ऐकली जायची. आज न कळलेला मारवा असा ऐकता ऐकता महिन्याभराने कळू लागायचा.

शास्त्रीयाइतकंच प्रेम इतर रेकॉर्डवरही होतं. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली, 'शिवकल्याण राजा' आली. लताबाईंचा स्वर, हृदयनाथांचं संगीत आणि बाबासाहेब पुरंदरे यांचं निवेदन ऐकायला तीन पिढ्या एकत्र बसल्याचं मी पाहिलं आहे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गाणं स्वस्त होऊन खेडोपाडी पोहोचलं, हे चांगलंच झालं. मुंबईच्या काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं, तोवर गाणं फोनमध्ये आलं होतं. तोच मारवा आज कुणालाही क्षणात सापडतो, याचा मला आनंदच आहे. मात्र ऐकणाऱ्याने त्याला वीस मिनिटं द्यायला हवीत. पूर्वी ती रेकॉर्ड आमच्याकडून घ्यायची, आता ती आपणहून द्यावी लागतात. देणाऱ्याला मारवा आजही तितकाच भेटतो.