संकटापूर्वीचे नियोजन : ‘व्यवसाय सातत्या’ची यंत्रणा कशी काम करते?

मुंबई : पश्चिम लंडनमधील एका वीज उपकेंद्राला २० मार्च २०२५ रोजी रात्री आग लागली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ जवळपास दिवसभर बंद ठेवावा लागला. दोन लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच माघारी परतले, तर दिल्लीहून गेलेले विमान फ्रँकफर्टकडे वळविण्यात आले. विमानतळाला वीज पुरविणाऱ्या तीन उपकेंद्रांपैकी उर्वरित दोन सुरू होती. मात्र सर्व यंत्रणा त्यांच्यावर वळवून सुरक्षितपणे पुन्हा सुरू करण्यात कित्येक तास गेले.

पर्याय असणे आणि तो वेळेत वापरता येणे यांतील हे अंतर कमी करणे, हेच ‘बिझनेस कंटिन्युइटी’ अर्थात व्यवसाय सातत्य या क्षेत्रातील तज्ज्ञांचे मुख्य काम आहे. युद्ध, महासाथ, पूर, हवाई क्षेत्राची बंदी किंवा संगणकीय बिघाड यांपैकी काहीही घडले तरी संस्थेचे अत्यावश्यक काम थांबू नये, यासाठी ते नियोजन करतात. या कार्यपद्धतीचे ‘आयएसओ २२३०१’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली.

कारणांपेक्षा परिणामांचा विचार

पुढचे संकट नेमके कोणते असेल, हे सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक संभाव्य घटनेसाठी स्वतंत्र योजना आखण्याऐवजी परिणामांचा विचार केला जातो. कार्यालय वापरता आले नाही तर? कर्मचारी येऊ शकले नाहीत तर? संगणकप्रणाली बंद पडली तर? पुरवठादाराकडून माल आला नाही तर? कारण कोणतेही असो, परिणाम बहुधा या चारांपैकीच एक किंवा अनेक असतात.

त्यानंतर प्रत्येक कामाचे महत्त्व ठरविले जाते. एखादे काम किती वेळ बंद राहिले तर नुकसान असह्य होईल आणि किती वेळापर्यंतची माहिती गमावणे परवडेल, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर संपूर्ण योजना उभी राहते. कर्मचाऱ्यांचे वेतन दोन दिवस उशिरा झाले तर गैरसोय होते; रुग्णालयातील प्राणवायूचा पुरवठा मात्र काही मिनिटेही थांबून चालत नाही. सर्वच कामांना सारखे महत्त्व देणारी योजना प्रत्यक्ष संकटात निरुपयोगी ठरते.

शेअर बाजाराचा धडा

भारतात या विषयाची ठळक जाणीव २४ फेब्रुवारी २०२१ रोजी झाली. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी व्यवहारांची वेळ सायंकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली. पर्यायी केंद्र उपलब्ध असूनही कामकाज तेथे हलविण्यात आले नव्हते.

त्यानंतर महिनाभरात ‘सेबी’ने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत तो ‘आपत्ती’ म्हणून घोषित करावा आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे, असे बंधन बाजार संस्थांवर घालण्यात आले. मुख्य आणि पर्यायी केंद्र शक्यतो वेगवेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रांत असावे, अन्यथा त्यांच्यात किमान ५०० किलोमीटर अंतर असावे, अशीही अट आहे. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून या व्यवस्थेची चाचणी घेण्यात आली.

वेळेच्या या बंधनामागे अनुभव आहे. बिघाड ‘आता दुरुस्त होईल’ या आशेवर पहिले काही तास निघून जातात आणि पर्यायाकडे वळण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हेच स्पष्ट नसते. म्हणूनच चांगल्या योजनेत निर्णयाचा अधिकार, त्या व्यक्तीच्या अनुपस्थितीत तो कोणाकडे जाईल आणि निर्णयाची कालमर्यादा आधीच लिहिलेली असते.

प्रवास थांबतो तेव्हा

जागतिक घडामोडींची पहिली झळ अनेकदा प्रवासाला बसते. आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे एप्रिल २०१० मध्ये युरोपातील बहुतांश हवाई क्षेत्र सुमारे सहा दिवस बंद होते. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई क्षेत्र बंद केल्यावर युरोप व अमेरिकेकडील अनेक उड्डाणांचा वेळ वाढला. पुढच्याच महिन्यात उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी उड्डाणांसाठी बंद राहिले.

अशा वेळी सर्वांत आधी लागते ती माहिती : आपला कोणता कर्मचारी आत्ता कोठे आहे? त्यासाठी अनेक संस्था प्रवासाची नोंदणी एकाच ठिकाणी करतात, महत्त्वाच्या अधिकाऱ्यांना एकाच विमानाने पाठवत नाहीत आणि रस्ता वा रेल्वेचे पर्याय आधीच पाहून ठेवतात. परिस्थिती बिघडण्याचे टप्पेही निश्चित केलेले असतात. कोणत्या इशाऱ्यानंतर नवे दौरे थांबवायचे आणि कोणत्या इशाऱ्यानंतर माणसे परत बोलवायची, हे शांतपणे आधीच ठरवले जाते.

या निर्णयाला उशीर झाल्यास काय होते, हे युक्रेनमध्ये दिसले. कीव्हमधील भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी नागरिकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, तात्पुरता देश सोडण्याचा विचार करावा, असे सुचविले होते. २४ फेब्रुवारीला हल्ला झाला आणि हवाई क्षेत्र बंद झाले. विमानाने बाहेर पडण्यासाठी मधले नऊ दिवसच हाताशी होते. त्यानंतर हजारो विद्यार्थ्यांना कडाक्याच्या थंडीत पोलंड, रोमानिया, हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या सीमा गाठाव्या लागल्या.

मालवाहतुकीलाही हेच लागू पडते. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला. युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांना २०२४ च्या हंगामात या वळशाची थेट झळ बसली. नाशवंत मालाच्या बाबतीत पर्यायी मार्ग असणे पुरेसे नसते. माल तेवढे दिवस टिकणेही आवश्यक असते.

सरावाशिवाय योजना अपुरी

कोविडने अनेक योजनांतील एक गृहीतक मोडीत काढले. एक इमारत बंद पडली तर दुसरीत काम हलवायचे, असे त्यांत लिहिलेले होते. डिसेंबर २०१५ मधील चेन्नईच्या पुरात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना बंगळुरूसारख्या शहरांत नेले, तेव्हा ही पद्धत उपयोगी पडली होती. मार्च २०२० मध्ये मात्र सर्वच शहरे एकाच वेळी बंद झाली आणि संगणक कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचवावे लागले.

त्यामुळे योजना वर्षातून किमान एकदा तपासणे आणि तिचा सराव करणे महत्त्वाचे मानले जाते. सरावात उघड होणाऱ्या त्रुटी बहुधा साध्या असतात : बदललेला दूरध्वनी क्रमांक, रजेवर असलेला अधिकारी, किंवा बंद पडलेल्या संगणकातच साठवलेली आपत्कालीन योजना.

लहान उद्योगांकडे यासाठी स्वतंत्र विभाग नसतो. तरीही कर्मचारी व ग्राहकांचे संपर्क कागदावर ठेवणे, हिशेबाची प्रत दुसऱ्या ठिकाणी जपणे, प्रत्येक महत्त्वाच्या कच्च्या मालासाठी दुसरा पुरवठादार माहीत असणे आणि मालकाच्या अनुपस्थितीत निर्णय कोण घेणार हे ठरविणे, एवढे त्यांनाही करता येते. त्यासाठी फारसा पैसा लागत नाही. लागतो तो सर्व काही सुरळीत चालू असताना काढलेला थोडा वेळ.