‘हवामान कोरडे राहील’ या वाक्यामागे : थंडीच्या आठवड्याचा अंदाज कसा वाचावा?

थंडीच्या दिवसांत पणजी वेधशाळेचा आठवड्याचा अंदाज बहुधा एका वाक्यात आटोपतो : राज्यात हवामान कोरडे राहील, आकाश मुख्यत्वे निरभ्र असेल. पावसाळ्यात ज्या अंदाजाची आपण तासातासाला वाट पाहतो, त्याच्याकडे पौष-माघात फारसे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मात्र ज्यांच्या आंब्याला मोहोर आला आहे, काजूला तुरे फुटू लागले आहेत किंवा ज्यांनी मिठागराचे वाफे लिंपून तयार ठेवले आहेत, त्यांची वर्षाची कमाई याच काही आठवड्यांवर अवलंबून असते. त्यामुळे हे एकच वाक्य नीट उलगडून पाहिले पाहिजे.

आधी प्रदेशाचा प्रश्न. भारतीय हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत आणि त्यांत ‘कोकण व गोवा’ हा एकच उपविभाग आहे. डहाणूपासून काणकोणपर्यंतची संपूर्ण किनारपट्टी त्यात येते. दूरचित्रवाणीवरील नकाशात हा पट्टा एकाच रंगात दिसला, म्हणून पालघरची थंडी पेडण्यातही असेल असे नाही. आपल्यासाठी उपयोगाचा असतो तो पणजीहून दिला जाणारा उत्तर व दक्षिण गोव्याचा जिल्हानिहाय अंदाज. त्यातही आकडे प्रामुख्याने पणजी आणि मुरगाव या समुद्रालगतच्या केंद्रांचे असतात. समुद्र रात्री लवकर निवत नाही, म्हणून ही केंद्रे उबदार राहतात. वाळपई, सांगे, धारबांदोडा या भागांतील खोलगट जागी पहाटेचा पारा त्याहून काही अंशांनी खाली असतो, हे वाचकाने मनातल्या मनात वजा करून घ्यावे.

‘थंडीची लाट’ हा शब्दही जपून वापरण्याचा आहे. किनारी केंद्रांसाठी तिचा निकष असा की किमान तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी हवे आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेले हवे. जानेवारीत पणजीचे सरासरी किमान तापमान २० अंशांच्या आसपास असते. म्हणजे या व्याख्येतील लाट आपल्याकडे क्वचितच येते. पारा १८ वर आला की ‘कडाक्याची थंडी’ असा मथळा देऊन आम्ही वृत्तपत्रवाले मोकळे होतो, तो भाग निराळा.

आता मूळ मुद्दा वाऱ्याचा. ‘बेळगावची थंडी घाट उतरून आली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वारा पूर्वेकडूनच येतो हे खरे, पण तो थंडी आणतो हे पूर्ण खरे नाही. वरून खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला जवळपास एका अंशाने तापते. सह्याद्रीच्या ७०० ते ८०० मीटर उंचीवरून निघालेली हवा पायथ्याला पोहोचेपर्यंत सात-आठ अंशांनी गरम झालेली असते. ती आणते तो कोरडेपणा. हवेतील बाष्प आणि ढग जमिनीची ऊब रात्री धरून ठेवतात. हवा कोरडी व आकाश मोकळे असले की ती ऊब झपाट्याने अवकाशात निघून जाते. वारा मंदावलेला असेल तर निवलेली जड हवा दऱ्याखोऱ्यांत साचत जाते. धालोच्या मांडावरून उशिरा परतताना जो गारठा अंगाला झोंबतो, तो असा जागच्या जागी तयार झालेला असतो.

हाच पूर्ववारा दुपारी उलटा परिणाम करतो. जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा वाहू लागतो आणि पारा थोपवून धरतो. पूर्ववारा जोरात असला तर या खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर शिरायला उशीर होतो. तो जितका उशिरा येईल तितका पारा चढत राहतो. म्हणूनच पहाटे स्वेटर आणि दुपारी घामाच्या धारा, असा विचित्र अनुभव एकाच दिवशी येतो. साप्ताहिक तक्त्यात किमान तापमान उतरते आणि कमाल तापमान ३४ च्या पुढे सरकताना दिसले, तर पूर्ववारा प्रबळ आहे असे समजण्यास हरकत नाही. मिठागरांना हे दिवस मानवतात, कारण पाणी लवकर आटते. आंब्याला मात्र दिवस-रात्रीच्या तापमानातील फार मोठी तफावत सोसत नाही. बारीक फळे गळू लागतात.

पूर्ववारा पडला की चित्र पालटते. हवेत ओलावा वाढतो, नदीकाठी व खाजनांवर पहाटे धुके दाटते, पानांवर दव साचते. नैऋत्य बंगालचा उपसागर किंवा लक्षद्वीपच्या परिसरात कमी दाबाचे क्षेत्र असेल, तर त्याच्या कडेचे ढग आपल्यापर्यंत पोहोचतात. उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभाचे उंचावरचे पातळ ढगही अधूनमधून येतात. अंदाजात ‘अंशतः ढगाळ’ हे शब्द दिसले तर बागायतदाराने कान टवकारावेत. ढगाळ आणि दमट हवेत मोहोरावर तुडतुडे व भुरी रोग बळावतात, काजूच्या कोवळ्या पालवीवर ढेकण्या उतरतो. ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ म्हणजे जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. पण ती सर आगरवाड्याच्या मिठागरावर पडली, तर तिथले जमलेले मीठ विरघळून जाते.

समुद्राचे गणित आणखी वेगळे. या मोसमात इराणच्या आखाताकडे ‘शमाल’ नावाचे वायव्य वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. म्हणजे गोव्यात वारा पडलेला, आकाश स्वच्छ, तरी पाणी खवळलेले असू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ दूर समुद्रातून गेले, तरी उधाणाचे पाणी किनाऱ्यावरील शॅकमध्ये घुसले होते. होडी लोटण्यापूर्वी ‘कोरडे हवामान’ एवढ्यावर विसंबू नये. लाटांचा इशारा स्वतंत्रपणे पाहावा.

सात दिवसांच्या अंदाजातील पहिले तीन दिवस भरवशाचे. पुढील दिवसांत आकड्यापेक्षा कल पाहावा. शेतकऱ्यांसाठीचे कृषी हवामान पत्रक मंगळवारी व शुक्रवारी निघते. फवारणीचा निर्णय त्यावरून आणि विभागीय कृषी कार्यालयाला विचारून घ्यावा, शेजाऱ्याने मारली म्हणून नव्हे. बाकी पडताळा परसातच मिळतो. पहाटे चुलीचा धूर समुद्राच्या दिशेने झुकत असेल आणि पाने कोरडी असतील, तर पूर्ववारा टिकून आहे. धूर जागीच रेंगाळत असेल आणि पाने ओली असतील, तर मोहोराखाली पांढरा कागद धरून डहाळी हलवावी आणि त्यावर किती तुडतुडे पडतात ते मोजावे.