हलत्या छातीचा अभ्यास

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कर्क्सव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८९२ मध्ये तिथे ऑस्टिओपॅथीचं पहिलं विद्यालय काढलं. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्यांची मुलं दगावली आणि त्या काळच्या औषधांवरून त्यांचं मन उडालं. हाडं, सांधे, स्नायू जागच्या जागी नीट हलते राहिले, की शरीर आजाराशी स्वतःच झुंजतं, असं ते मानू लागले. त्यांचे बरेच दावे पुढे टिकले नाहीत. पण डॉक्टरच्या हाताला शरीररचना पाठ असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह टिकला. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले डॉक्टर औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात. शिवाय हाताने तपासण्याचं आणि उपचारांचं शिक्षणही घेतात. त्या शिक्षणात विद्यार्थी आळीपाळीने एकमेकांचे रुग्ण होतात.

छातीचा धडा मला यातला सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा वाटतो. गुडघा स्थिर ठेवून तपासता येतो. छाती थांबत नाही. बरगड्यांच्या बारा जोड्या, मागे मणके, पुढे उरोस्थी, खाली श्वासपटल. एका श्वासासरशी हे सगळं हलतं. वरच्या बरगड्यांची पुढची टोकं हापशाच्या दांड्यासारखी वर उचलली जातात. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उघडतात. विद्यार्थी दोन्ही बाजूंना तळवे टेकवतो आणि वाट पाहतो. दोन्ही हात सारखेच वर येतात का? श्वास सोडताना एखादी बाजू मागे रेंगाळते का? सुरुवातीला बहुतेकांचा हात जोराने दाबला जातो, आणि दाबलेल्या हाताला काही कळत नाही.

पण त्याआधी रीतसर तपासणी. पाहणं, चाचपणं, बोटाने ठोकणं, ऐकणं. ठोकण्याची पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध केली. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक यांनी कागदाची गुंडाळी छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. हे ज्ञान कुठल्या एका पंथाचं नाही. आपल्याकडचे वैद्यकीय विद्यार्थीही रुग्णाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावून तळव्याखालची थरथर तपासतात. न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झालं असेल तर ती वाढते. फुप्फुसाभोवती पाणी साचलं असेल तर कमी होते. ठोकल्यावर मात्र दोन्हीकडे आवाज बद्दच येतो. म्हणून एका खुणेवर निदान ठरवायचं नसतं.

उपचार यानंतरचा. काही बरगड्या श्वास सोडताना खाली येत नसतील, तर त्या गटातली सर्वांत खालची बरगडी आधी हाताळतात, कारण तीच वरच्यांना अडवून धरते असं मानलं जातं. श्वास घेताना वर जात नसतील, तर सर्वांत वरची. पहिल्या बरगडीसाठी मानेचे स्नायू वापरतात: रुग्ण डोकं उचलू पाहतो, डॉक्टर हलकेच रोखून धरतो, काही सेकंदांनी स्नायू सैल पडला की बरगडी थोडी पुढे नेतो. ‘रिब रेझिंग’मध्ये उताण्या रुग्णाच्या पाठीखाली बोटं सरकवून बरगड्या मणक्यांजवळ हळूहळू उचलतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णालाही ते करता येतं.

त्याचा उपयोग किती, हे मात्र पुराव्यानेच ठरायला हवं. न्यूमोनिया झालेल्या ४०६ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार सर्वांना होतेच. एका गटाला जोडीला ऑस्टिओपॅथीचे, दुसऱ्याला नुसता हलका स्पर्श, तिसऱ्याला जादा काही नाही. सर्व रुग्ण धरून पाहिलं तेव्हा गटांत ठोस फरक निघाला नाही. ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण झालेल्यांचाच हिशेब केला तेव्हा ऑस्टिओपॅथीच्या गटाचा इस्पितळातला मुक्काम तिसऱ्या गटापेक्षा कमी भरला. हलक्या स्पर्शाच्या तुलनेत मात्र तो फरक ठामपणे दिसला नाही. एवढ्यावर न्यूमोनियात अँटिबायोटिकची जागा हाताला देणं मला अक्षम्य वाटतं.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची बरगडी चाचपण्याआधी हृदयविकार, फुप्फुसातली गुठळी, फुटलेलं फुप्फुस यांचा विचार झालाच पाहिजे. बरगडी दाबल्यावर दुखली, म्हणून हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही. मोडलेली बरगडी, ठिसूळ हाडं किंवा हाडांत पसरलेला कर्करोग असेल तर झटका देऊन सांधा हलवणं धोक्याचं. हे ओळखून हात मागे घेणं विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून शिकवायला हवं, आणि परीक्षेत त्याला बरगडी हलवण्याइतकेच गुण असायला हवेत.