ग्राफिक्स कार्ड : जुने की नवे?

घसारा आपण वर्गात यंत्रे आणि फर्निचर यांच्यावर शिकतो. मला तो खरा उमगला ग्राफिक्स कार्डाचा भाव काढताना. खेळांची, व्हिडिओची चित्रे पडद्यावर उमटवणारा संगणकाचा हा भाग नवा घ्यावा तर विद्यार्थ्याला जड जातो, म्हणून मन जुन्याकडे ओढते.

जुन्यांचा सुळसुळाट झाला त्यालाही कारण आहे. इथेरियम हे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोकांनी अशी कार्डे रात्रंदिवस राबवली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धतच बदलली आणि बेकार झालेली कार्डे बाजारात आली. त्यांची चिप सहसा शाबूत असते. झिजतात ते पंखे, आणि वाळते ती उष्णता वाहून नेणारी पेस्ट.

आता हिशेब. समजा, नवे २४,००० रुपयांना घेऊन चार वर्षांनी ८,०००ला विकले : वर्षाचा खर्च ४,०००. जुने १२,०००ला घेऊन दोन वर्षांनी ६,०००ला दिले : वर्षाचे ३,०००. पण हजार वाचले म्हणून हुरळू नये! एएमडीचे २०१७ चे आरएक्स ५८० पूर्ण भाराखाली १८५ वॅट वीज खाते; २०२१ चे आरएक्स ६६०० त्याहून वेगवान असून १३२. रोज चार तास धरले तर वर्षाला ७७ युनिटांचा फरक. सात रुपये दराने सुमारे ५४० रुपये गेले. त्यात पंखा बदलावा लागला, तर उरले काय?

शिवाय नव्याला बहुधा तीन वर्षांची हमी, जुन्याला विकणाऱ्याच्या शब्दाची. तेव्हा अर्ध्या किमतीच्या बरेच खाली मिळाले तरच जुने घ्यावे, असे माझे मत. (घासाघीस मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडून करता येते, हा आपला जादा फायदा.) मूळ बिल मागावे, अर्धा तास जड खेळ चालवून पाहावा. पडद्यावर रंगीत ठिपके दिसले, की सरळ उठावे.