अभाव कोणाला दिसतो? अपंग प्राण्यांच्या सांभाळाविषयी

मित्रहो, घरातल्या कुत्र्याचा पाय गेला किंवा मांजराची दृष्टी गेली, की आपल्या तोंडून पहिला शब्द येतो तो 'बिच्चारं'. आज आपण या एका शब्दापाशी थोडं थांबू या.

आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी 'अभावा'चा फार बारकाईने विचार केलेला आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला केव्हा कळतं? घट म्हणजे काय हे आधी ठाऊक असेल, तेव्हाच. ज्याचा अभाव, त्याला ते 'प्रतियोगी' म्हणतात. प्रतियोगी माहीत नाही, तर अभावही कळत नाही. सतराव्या शतकात स्पिनोझाने जवळपास हेच सांगितलं: आंधळ्याला दृष्टीची उणीव आहे असं आपण म्हणतो, ते त्याची इतरांशी किंवा त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी तुलना करून.

आता प्राण्यांकडे वळू. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं पुष्कळदा जन्मतः बहिरी असतात; डार्विनने 1859 च्या ग्रंथात याची नोंद केली आहे. अशा मांजराने आवाज कधी ऐकलेलाच नाही. मग त्याला कशाचा अभाव जाणवणार? तो जाणवतो आपल्याला.

तुम्ही म्हणाल, अपघातात पाय गेलेल्या कुत्र्याचं काय? त्याला तर कालपर्यंत चार पाय होते. शंका रास्त आहे. त्याच्या मनात काय चालतं ते आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वागणं तर दिसतं ना? आमच्या घरी एक गावठी कुत्रा होता, मोती. गाडीखाली येऊन त्याचा मागचा पाय गेला. पहिले काही दिवस तो पडला, धडपडला. महिन्याभरात दाराची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी हजर! कुत्र्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय नसला तरी बहुतेक कुत्री चांगली सावरतात.

सावरलो नाही ते आम्ही. त्याला जिना चढू देईनात, जेवण जागेवर नेऊन देऊ, आणि दया म्हणून वर दोन बिस्किटं. वर्षभरात मोती गुबगुबीत झाला आणि उरलेल्या मागच्या पायाचा सांधा दुखायला लागला. म्हणजे बघा, जिथे नुसता अभाव होता, तिथे आमच्या दयेने खरं दुःख आणून ठेवलं. पुढे वजन उतरवायला सहा महिने लागले. गुन्हेगार आम्हीच होतो.

इथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. पाय नसणं हा अभाव आहे. वेदना हा अभाव नव्हे, ती प्रत्यक्ष असणारी गोष्ट आहे. आपण नेमकी उलट चूक करतो. अभाव डोळ्यांत भरतो, म्हणून त्यावर हळहळतो. वेदना मुकी असते, ती सुटून जाते. खाणं सोडणं, कोपऱ्यात लपणं, एकच जागा सतत चाटणं, हात लावला की अंग चोरणं, या तिच्या खुणा. त्या दिसल्या की पशुवैद्याकडे जावं. घरातली माणसांची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर दगावू शकतं.

म्हणून सांभाळ म्हणजे हळहळ नव्हे, सांभाळ म्हणजे लक्ष. दृष्टी गेलेल्या प्राण्यासाठी घरातलं सामान हलवू नये, पाण्याचं भांडं जागच्या जागी ठेवावं, हात लावण्याआधी हाक मारावी. बहिऱ्याला हाताच्या खुणा शिकवाव्यात आणि रस्त्यावर मोकळं सोडू नये. मागचं अंग लुळं पडलेल्या कुत्र्याला चाकांचा गाडा लावता येतो, पण दिवसभर त्यात अडकवून ठेवायचं नाही. अशा कित्येक कुत्र्यांना लघवी आपणहून होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून ती काढावी लागते. ते पशुवैद्याकडूनच शिकून घ्यावं. अंथरूण मऊ आणि कोरडं हवं, कूस बदलावी लागते, नाहीतर जखमा होतात. हे कष्टाचं काम आहे, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

मग शेवटचा प्रश्न उरतो. 'कशाला त्याचे हाल? झोपवून टाका,' असं लोक सहज बोलून जातात. कधीकधी तोच निर्णय खरा असतो. औषधाला न जुमानणारी वेदना असेल तर जगवत राहणं हीही क्रूरताच. पण तो घेण्याआधी स्वतःला विचारावं: हाल नक्की कोणाचे होताहेत? त्याला वेदना आहे, की आपल्याला ते बघवत नाही? पहिलं असेल तर पशुवैद्याशी बोलावं. दुसरं असेल तर आधी आपली नजर तपासावी.

आता आमचे गुडघे कुरकुरतात, आणि जिन्यापाशी कोणी हात धरायला धावलं की मोतीची आठवण येते. हात हवा असतो, नाही असं नाही. पण आधी विचारलं तर बरं वाटतं. मोतीला आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर तर त्याच्या शेपटीवर लिहिलेलं होतं. ते वाचायला आम्हाला वर्ष लागलं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.